लोपीस सरांचे बारके

आमच्या सोसायटीतले लोपीस सर कधीच कुणाला ‘कसे आहात’ म्हणून विचारत नसत. ‘बारके काय म्हणतायत?’ असं विचारत. आम्ही नवे राहायला आलो तेव्हा माझ्या बायकोने भाबडेपणाने सांगून टाकलं, ‘मोठीला सर्दी झालीय, धाकटा मजेत आहे.’ सर म्हणाले, ‘ते नाहीत हो वहिनी, पोटातले.’

बारके म्हणजे सूक्ष्म जीव. सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. मला तेव्हा पित्ताचा जबर त्रास होता आणि खिशात कायम गोळ्यांची पट्टी असे. ती बघून सर कळवळले. ‘आधी बारक्यांना उपाशी ठेवता, मग गोळ्या घालता. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?’ त्यांनी मला सकाळी चहाऐवजी रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात आणि ताक सुरू करायला लावलं. मी नाक मुरडत खाल्लं, पण पोट शांत झालं. या उपकारापोटी मी त्यांचं बाकी सगळं व्याख्यान मुकाट ऐकून घेत असे.

कंपाउंडच्या मागच्या कोपऱ्यात त्यांचा खताचा खड्डा होता. सगळ्या बिऱ्हाडांची भाजीची देठं, सालं त्यात जात. चुकून प्लास्टिकची पिशवी गेली तर सर ती धुऊन ज्याची त्याला दारात आणून देत. ‘वहिनी, ही बारक्यांना चाववत नाही.’

तयार झालेलं खत मात्र आमच्या गॅलरीतल्या गुलाबांना मिळत नसे. रविवारी चर्चमधली मिसा झाली की सर गोणी सायकलला बांधून थेट वालीवला जात. तिथे कारखान्यांच्या मागे कामगारांची चाळ होती. जमीन तेलाने काळी पडलेली, गवतसुद्धा उगवत नव्हतं. बायका तेलाच्या रिकाम्या डब्यांत सरांचं खत घालून माठ-मेथी लावत.

‘आमच्या गुलाबांनी काय पाप केलंय?’ मी एकदा विचारलं.

‘गुलाब तुम्ही खाता का? तिथली पोरं नुसत्या बटाट्यावर वाढतायत. चांगले बारके काय फक्त फ्लॅटवाल्यांनीच पोटात घेऊन फिरायचं?’

मग सोसायटीची सत्यनारायणाची पूजा आली. सेक्रेटरी सावंत स्वच्छतेचे भोक्ते. पाहुण्यांना वास नको म्हणून त्यांनी खड्ड्यात फिनेलचे कॅन रिकामे केले आणि वरून जंतुनाशक पावडर पसरली. सर प्रसादाला आले, द्रोण हातात घेऊन वास घेत मागे गेले आणि खड्ड्याच्या काठावर मटकन बसले.

सावंत ओशाळून म्हणाले, ‘सर, नवी माती विकत आणू.’

‘ही विकत मिळत नाही, सावंत. आपली बिल्डिंग उभी आहे ना, तिथे माझी वाडी होती. केळी बायको बघायची. ती गेली आणि वाडी बिल्डरला दिली. बुलडोझर आला त्या सकाळी तिच्या केळीखालची दोन गोणी माती तेवढी काढून ठेवली होती, तीच या खड्ड्यात घातली. तिच्या हातचे बारके होते. एवढी वर्षं त्यांना जेवायला घालत होतो. आता कुणाला घालू?’

प्रसादाचा द्रोण सरांच्या हातात तसाच राहिला.

पुढच्या रविवारी सर वालीवला गेले नाहीत. दुपारी चाळीतल्या शेवंताबाई चौकशी करत आल्या. मी त्यांना झालं ते सांगितलं. त्या लगेच परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. तिघींच्या डोक्यावर घमेली होती.

‘सर, समद्यांच्या डब्यातली थोडी थोडी आणलीय. तुमचीच हाय, आमच्याकडं वाढली.’

सरांनी मूठभर माती उचलली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. सावंतांनी स्वतः कुदळ आणून शेजारी नवा खड्डा खणला.

माती घालून झाली तशा बायका निघाल्या. ‘आता जेवल्याशिवाय कुठं?’ सर म्हणाले आणि आत जाऊन स्टोव्ह पेटवला. थोड्या वेळाने ते आमच्या दारात आले.

‘वहिनी, तीन ताटं द्याल? माझ्याकडे एकच आहे.’