कॅन्टनची गल्ली

गांधीबागेत कोणी चहाचं हॉटेल विचारलं, की डोमाजीकाका त्याला कॅन्टनचा रस्ता सांगत.

"घाटावर उतरला का डाव्या हातानं जा गा. चांदीवाल्यांची गल्ली लागते. पहिल्या चहाखान्यात लोक आपापल्या पाखरांचे पिंजरे घेऊन बसतात. दुसऱ्यात वाफेचे मोदक भेटतात, पण आत डुकराचं मटण राह्यते, विचारून खाजो. तिसरं दारूचं. तिथं जाऊ नको. मी गेलो होतो."

तरुणपणी एका कापूस व्यापाऱ्याचे कारकून म्हणून ते तीन वर्षं चीनमध्ये, कॅन्टनला होते. पुढचं सगळं आयुष्य इथल्या कापडाच्या दुकानात गठ्ठे बांधण्यात गेलं. बासष्टच्या लढाईनंतर लोक त्यांना 'चिनी काका' म्हणू लागले. ते म्हणत, "लढाई सरकारची. चहावाल्यानं काय केलं?"

काकू म्हणत, "पस्तीस वर्षं चहा मी करून राहिली, अन् नाव तिकडच्याचं."

मी कन्हानहून शिकायला आलो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहिलो. आमच्या घरात कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं. माझा नोकरीचा अर्ज काकांनी तीनदा फाडला, चौथ्यांदा पसंत केला. त्याच अर्जावर मला नोकरी लागली.

मग काकांच्या घशात गाठ निघाली. धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकांनी मला खाटेजवळ बसवून अख्खी गल्ली लिहून घ्यायला लावली. वळण चुकलं की खोडायला लावत. काकू पायथ्याशी बसून होत्या. शेवटी म्हणाल्या, "मले काही सांगायचं नाही काय?"

"तुले काय सांगू वं? तू तर घरचीच," काका म्हणाले आणि पुन्हा चांदीवाल्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी आवाज गेला.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात चहाची परवानगी मिळाली. काकूंनी थर्मासमधून कपात चहा ओतला. काकांनी खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर दोन बोटं टकटक वाजवली.

"काय, बशी पाहिजे?"

पुन्हा टकटक.

"आता बोटानं हुकूम सोडून राहिले काय?"

काकांनी पाटी ओढून काहीतरी लिहिलं. काकूंना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं : 'तिकडे चहा ओतणाऱ्याचे आभार असे मानतात. बोलत नाहीत.'

काकू पाटीकडे बघत राहिल्या.

"तोंड होतं तवा काहून नाही मानले?"

काकांनी मान खाली घातली. काकूंनी भरलेल्याच कपात आणखी थोडा चहा ओतला आणि त्यांच्या बोटांकडे बघत थांबल्या.