दहा चाकांचा कळप

नऊ जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. मायाप्पाने काठीने पहिल्या चाकावर थाप मारली आणि म्हटले, "काळी."

दुसऱ्या चाकावर, "भुरी." मग तो मागे गेला. जोडचाकांतली आतली चाके सहज दिसत नाहीत. त्यांच्यासाठी तो गुडघे टेकून गाडीखाली काठी घालतो. दहावे चाक झाले की उभा राहतो आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतो, "धा भरली!"

टायरमधली हवा अशी ठोकून पाहतात, हे मला ठाऊक आहे. सरकारी गाड्यांच्या चालकांना शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. पण चाके मोजण्याची गरज नसते. ती चरायला जात नाहीत. हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते.

"तुमची कदी गेली न्हाईत मास्तर, म्हनून आसं बोलताय," तो म्हणाला.

मायाप्पा सांगोल्याकडचा. वय बावन्न. त्यातली चाळीस वर्षे मेंढरांमागे चालण्यात गेली. बायको वारली, मूलबाळ नाही. हे त्याने एका वाक्यात सांगितले. मीही तेवढ्यातच सांगतो. दोन वर्षांपूर्वी भावांत वाटण्या झाल्या. आपल्या वाट्याची मेंढरे विकून त्याने जुना दहाचाकी ट्रक घेतला, तो दुसऱ्याकडून माझ्या घरामागच्या मोकळ्या जागेत आणवला आणि तिथलीच खोली भाड्याने मागितली. त्याला स्वतःला तेव्हा मोटार सुरूही करता येत नव्हती.

"आधी शिकावे, मग गाडी घ्यावी," मी म्हणालो.

"मेंढरं आदी घ्याची आसत्यात. राखायचं मागनं येतंय."

नियमाप्रमाणे आधी हलक्या गाडीचा परवाना, मग वर्षभर थांबणे, मग जड वाहनाची शाळा. ते वर्षभर ट्रक जागचा हलला नाही. मोजणी मात्र दोन्ही वेळा झाली. सकाळी सहा दहाला, संध्याकाळी सहा दहाला. संध्याकाळच्या मोजणीनंतर तो मागच्या चाकांना दोन दगड लावी आणि सकाळी ते माझ्या फाटकाशी आणून टाकी. मी दोनदा ठेचाळलो. दोनदा ताकीद दिली.

परवान्याची वाट पाहण्यापेक्षा दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून जा, पुढे तिथेच ड्रायव्हर होशील, असे गल्लीत सगळ्यांनी सुचवले. त्याचे उत्तर ठरलेले. "न्हाय म्हनता आलं पायजे की." मी याला आळस समजलो.

शाळेतून आला की तो माझ्याकडे उजळणीला बसे. आरशावर त्याचा विश्वास नव्हता. मागे घेताना अर्धे अंग खिडकीबाहेर काढून ट्रकला "हुर्र, हुर्र" करी. कोणाला ओलांडून पुढे जाणे त्याला मंजूर नव्हते. "म्होरं पळून काय करायचं मास्तर? राखनारा मागंच चालतोय." अक्कलकोट रस्त्यावर एकदा मेंढरांचा कळप आडवा आला. मायाप्पाने ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक ओढला, उतरला, कळप पलीकडे लावला, एका कोकराचा खूर पाहिला आणि त्या मेंढपाळाशी कानडीत गप्पा मारत बसला. मी वीस मिनिटे क्लीनरच्या जागेवर होतो. त्या दिवशीची माझ्या वहीतली नोंद अशी: "थांबणे उत्तम. पुन्हा निघणे विसरतो."

परीक्षेत पहिल्या खेपेस तो नापास झाला. ट्रक बिनचूक मागे घेतला आणि परीक्षक 'पुढे चला' म्हणत असताना उतरून चाके मोजू लागला. दुसऱ्या खेपेस मी त्याची काठी घरी ठेवून घेतली. पास झाला.

नऊ जानेवारीला त्याचे पहिले भाडे होते. एका दलालाचा फोन आला होता: हैदराबादला न्यायचा माल आहे, आठला बाजाराशी गाडी लावा. मायाप्पाने धुतलेला फेटा बांधला. मीही भरणी नीट होते का पाहायला सोबत गेलो.

बाजाराबाहेर दलाल उभा होता. मागे फळ्यांचा ढीग होता आणि मेंढरे होती. ट्रकमध्ये फळ्या टाकून दोन मजले करायचे आणि दोन्ही भरायचे, असा बेत होता.

"मामा, तुमच्यासाठी मुद्दाम राखून ठिवला ह्यो माल," दलाल हसून म्हणाला. "तुमचं तर घरचंच काम की!"

मायाप्पाने एका मेंढीचा कान चिमटीत धरला, सोडला.

"न्हाय."

"आँ? आवो, पयलंच भाडं हाय! ह्ये सोडलं तर माजा फोन परत यायचा न्हाय, सांगून ठिवतो. मग बसा गाडीची पूजा करत!"

"न्हाय म्हनायसाटीच घेतलीया गाडी, मालक," मायाप्पा म्हणाला आणि चढला.

रिकामा ट्रक घेऊन आम्ही परत निघालो. वाटेत तो समोर पाहतच बोलला.

"इकली तवा माजी मेंढरं आशीच नेली. दोन मजले करून. डायव्हरला म्हनलं, बाबा, दाटी झालीया, खालची गुदमरत्यात, थोडी उतरव. त्यो म्हनला, मी नोकर हाय मामा, मालकाला इचारा. मालकाला फोन लावला. त्यो म्हनला, मी तितं न्हाय, डायव्हरला इचारा."

पुढे चढ होता. ट्रक धापा टाकू लागला.

"काळी, भुरी वर हुत्या," तो म्हणाला. "लंगडी खाली."

"गिअर बदल," मी म्हणालो.

त्याने बदलला.

घरी आल्यावर त्याने ट्रक जागेवर लावला. आरशात पाहून, एका दमात, "हुर्र" न करता. मग खोलीत गेला आणि दार ओढून घेतले. काठी ट्रकला टेकवलेली राहिली.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटे झाली. मग साडेसहा. दार उघडले नाही.

माझे गुडघे चांगले नाहीत. तरी आतली चाके पाहायची तर गुडघे टेकावेच लागतात. काळी. भुरी. पुढची नावे दोन वर्षे ऐकून पाठ झाली होती. लंगडीचा आवाज बसका आला. हवा कमी होती. मी त्याच्या दाराशी गेलो आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "दहा भरली. लंगडीत सकाळी हवा भरावी लागेल."

आतून आवाज आला, "व्हय मास्तर."

मी फाटकाशी गेलो, तिथले दोन दगड उचलले आणि मागच्या चाकांना लावले.