जाणाऱ्याची पाठ

॥ श्रीकुलस्वामिनी साह्य ॥

“बाये, जाणाऱ्याची पाठ पाहूं नये गो. मागें वळावें, दार लोटावें, देवापुढें वात लावावी, म्हणजे गेलेलें माणूस परत येतें.” हे मातुश्रींचे बोल गोजराबाई राणीसाहेब यांचे कानीं लहानपणापासून होते, आणि त्या बोलांपायीं दोन राज्यांत काय अनर्थ जाहला तो वृत्तांत, श्रींचे चरणीं मस्तक ठेवून, ऐकिला तैसा लिहिला असे.

शके सोळाशें एकतीस, विरोधी नाम संवत्सरीं घाटावर एक राज्य होतें आणि घाटाखालीं खाडीकांठीं दुसरें होतें. वरचे लोक घोड्यावरचे, खालचे लोक होडीवरचे. दोहींकडे देव तेच, एकादशी तीच, तुळशीस पाणी घालणें तेंच. परंतु माणसास निरोप देण्याची चाल निराळी. खालीं होडीनें किनारा सोडिला कीं घरचीं माणसें तोंड फिरवून घरांत जात, कारण दर्यावर गेलेल्याची पाठ जो दिसेनाशी होईतों पाहील त्यानें ती शेवटची पाहिली, ऐसी त्यांची समजूत. तैसें पाहत उभें राहणें तें केवळ मयताचे मागें. वरतीं सगळें उलट. पाहुणा निघाला कीं लहानथोरांनीं वेशीपर्यंत जावें, हातावर दही घालावें आणि घोड्याची धूळ खालीं बसेतों उभें राहावें. न पोचवितां लावून दिला तो चोर, नाहीं तर वाळीत टाकलेला.

ऐशा दोन राज्यांचा सोयरसंबंध जाहला आणि गोजराबाई घाट चढून राणी होऊन आल्या. महाराजांचा त्यांचेवर फार लोभ. मग दसऱ्याचें सोनें लुटून महाराज मोहिमेस निघाले. वेशीवर अवघा दरबार उभा राहिला, महाराजांच्या मातुश्री आऊसाहेब यांनीं लेकाचे हातावर दही घातलें, आणि राणीसाहेबांची पाळी आली तेव्हां त्यांस आईचे बोल आठवले. हा पुरुष सुखरूप परत यावा, इतकेंच त्यांस कळत होतें. मग त्यांनीं महाराजांस वाकून नमस्कार केला, पाठ फिरविली, आणि महालीं जाऊन दार लोटून देवापुढें वात लाविली. वेशीवर कुजबूज उठली. दिवाण विसो महादेव जिभेचे तिखट, ते शेजाऱ्यास म्हणाले, “मासळीच्या गांवची चाल दिसते! धनी लढाईस आणि धनीण दाराआड.” महाराजांनीं तें ऐकिलें आणि मान खालीं घालून घोडा हांकिला.

मोहीम फत्ते जाहली. महाराजांचे अंगास ओरखडा नाहीं. राणीसाहेबांनीं मनांत म्हटलें, आईची वात फळली. परंतु महाराज त्यांचे महालीं आलेच नाहींत. त्यांनीं विचारिलें नाहीं आणि ह्यांनीं सांगितलें नाहीं. कारण देव्हाऱ्यांतली समई कोणासाठीं जळते हें कोणी कोणास विचारीत नसतें, तैसा आपला भाव सर्वांस ठाऊकच असेल ऐसें राणीसाहेबांस वाटे. आणि दासीसुद्धां विडा ठेवितांना तोंडाकडे पाहीनाशा जाहल्या.

हा बोभाटा घाटाखालीं गेला. तेव्हां राणीसाहेबांचे वडील बंधु सुभानराव मार्गशीर्षांत आपले होडीवाले संगें घेऊन वर आले. भेटतांच म्हणाले, “काय गो गोजरा, राणी झालीस आणि वाळलीस? मासा मिळत नाहीं म्हणून?”

“दादा, माशाविणें राहतां येतें. इथें माणूस बोलत नाहीं.”

मग सर्व ऐकून सुभानराव कपाळास हात लावून हांसले. “अगो, मग सांगायचें नाहीं? त्यांस काय स्वप्न पडणार?”

आणि ते तैसेच उठून महाराजांकडे गेले आणि भर दरबारांत म्हणाले, “दाजीसाहेब, माझी बहीण तुमच्याकडे पाठ करून गेली ती तुमच्या आयुष्यासाठीं. तुम्ही परत यावेत म्हणून तिनें तुमची पाठ पाहिली नाहीं. आमच्याकडे ह्याहून मोठा मान नाहीं.” मग महाराज त्याच सांजेस राणीसाहेबांचे महालीं आले आणि म्हणाले, “एक शब्द बोलतां, तर आमचे इतके दिवस कडू न होते.” राणीसाहेबांचे डोळ्यांस धारा लागल्या, आणि त्या दिवसाचा उपास त्यांनीं महाराजांचे हातच्या केळ्यानें सोडिला.

येथें हें प्रकरण संपतें तर किती बरें होतें.

सुभानरावांचें जाणें ठरलें, आणि महाराज हर्षानें बोलिले कीं ह्या पाहुण्यास कोणासही पोचविलें नसेल ऐसें पोचवूं. राणीसाहेब घाबऱ्या जाहल्या. “दादाला पोचवूं नये. त्याची माणसें भितील.”

महाराज म्हणाले, “तुमची रीत आम्हांस कळली. पण ती तुमचे दारीं. आमचे दारांतून राणीचा भाऊ चोरासारखा गेला तर लोक आमचे तोंडांत शेण घालतील.”

विसो महादेवही आतां आदरानें म्हणाले, “बाईसाहेब, आम्ही मान देतों, विष नव्हे.”

राणीसाहेब भावाकडे गेल्या. सुभानराव म्हणाले, “देऊं दे गो त्यांस मान. मला कळतें. पण माझ्या माणसांना कळणार नाहीं, आणि आयेला तर नाहींच. कांहीं वाईटवंगाळ झालें तर तूं आपल्या पायांनीं जाऊन तिला सांग, कीं ह्यांनीं मान केला होता. दुसऱ्या कोणाचें ती ऐकायची नाहीं.”

“असें अभद्र कां बोलतोस?”

“आधीं सांगेन म्हण.”

मग राणीसाहेबांनीं तुळशीवर हात ठेवून म्हटलें, “सांगेन.”

दुसरे दिवशीं नगारा वाजला, गांव लोटला, आऊसाहेबांनीं स्वहस्तें दही घातलें, आणि सगळी माणसें वेशीवर ओळीनें उभीं राहून त्यांचे पाठीकडे पाहत राहिलीं. खालच्यांनीं मागें वळून पाहिलें आणि त्यांचीं तोंडें पांढरीं पडलीं. होडीचा म्हातारा तांडेल पुटपुटला, “जितेपणीं आमची मयत काढली रे ह्यांनीं.” मग कोणी मुक्काम करीना, कोणी भाकरी खाईना; लवकर घर गांठावें आणि देवीपुढें दृष्ट उतरवावी, इतकाच एक ध्यास. खाडीवर पोचले तों ओहोटीचा जोर होता. सुभानराव म्हणाले, “भरती लागूं द्या.” परंतु भ्यालेलें माणूस धन्याचेंही ऐकत नाहीं. होडी लोटली, आणि सुभानरावही तिच्यांत बसले, कारण माणसांस एकटें सोडणें त्यांस साजेना. खाडीचे तोंडाशीं होडी पालथी जाहली. बाकीचे वाळूस लागले. सुभानराव लागले नाहींत.

मग घाटाखालून मातुश्रींचा निरोप आला: “माझ्या जित्या लेकराला तुम्हीं वेशीवरून मयतासारखें पाहिलेंत. आतां तुमच्या घराचें आणि आमचें पाणी तुटलें.” हा निरोप दरबारांत सांगितला गेला तेव्हां आऊसाहेब म्हणाल्या, “मी तर त्याला लेक समजून दही घातलें होतें!” आणि महाराजांचे डोळे लाल जाहले. बोलिले, “आम्ही मान द्यावा आणि तो शाप ठरावा? घाट बंद करा. घोडीं तयार ठेवा.” खालींही होड्यांवर तोफा चढल्या ऐसी बातमी आली.

राणीसाहेबांनीं भावाचें सुतक धरिलें होतें. तें फिटतांच त्या भर दरबारांत महाराजांपुढें उभ्या राहिल्या. “मला आईकडे जाणें आहे. दादाला शब्द दिला आहे.”

“ज्या घरानें आमचा मान विटाळिला तेथें आमची राणी जाणार नाहीं.”

“मी गेलें नाहीं तर तिला कोणी सांगायचें? आणि तिला न कळलें तर हीं घोडीं कोणाचे अंगावर जाणार?”

महाराजांनीं तोंड फिरविलें. “घाट उतरलांत तर हा उंबरा पुन्हा नाहीं.” तो शब्द त्यांनीं मागें घेतला नाहीं, कारण भर दरबारांत निघालेला शब्द मागें घेणें हेंही त्यांचे कुळीं हीनपणाचें. राणीसाहेबांनीं खालीं वाकून नमस्कार केला. ज्या पुरुषाचे आयुष्यासाठीं वात लाविली त्याचेंच घर आज तुटत होतें, हें त्यांस पुरतें कळत होतें.

पहांटे पूजा आटोपून, अंगावर मंगळसूत्राखेरीज कांहीं दागिना न ठेवितां त्या निघाल्या. दारांत आऊसाहेब दह्याची वाटी घेऊन उभ्या. म्हणाल्या, “पोरी, तुला कशी पोचवूं? वेशीवर आलें तर तुझ्या जिवाला धाक, न आलें तर माझ्या जिवाला घोर. तूंच सांग.”

“आऊसाहेब, कसेंही करा. मला दोन्ही कळतें.”

आऊसाहेब उंबऱ्यांत तैशाच राहिल्या, ना पुढें ना मागें, वाटी हातांतच.

एवंच, वरच्यांनीं माया केली आणि खालच्यांनींही मायाच केली, आणि दोहोंचे मध्यें एक चांगला मनुष्य बुडाला. दोष कोणाचे पदरीं घालावा हें लिहिणारास उमगलें नाहीं; ज्यास उमगेल त्यानें श्रींस स्मरून मगच बोलावें. पुढें काय घडलें त्याची खबर ह्या लेखनास नाहीं. इतकें मात्र खरें कीं त्या पहांटे घाटाच्या चौकीवाल्यांनीं राणीसाहेबांस ओळखिलें आणि अडविलें नाहीं, आणि त्या डोईवरचा पदर सांवरून, तोंडानें आईचें नांव घेत, खालच्या वाटेस लागल्या.