बिनपतीचा दाखला

कशेळ्यात कुणाला बैल घ्यायचे असोत की शिलाई मशीन, कागदावर जामीन म्हणून श्रीपत ठोंबऱ्यांची सही ठरलेली. भाताचं पीक यथातथा, घरावरची कौलं निम्मी गळकी, पण सही अशी की कर्जतच्या मोठ्या बँकेतला साहेबसुद्धा ती पाहून मान डोलवायचा. बायको सुंदरा मात्र वैतागलेली असायची. गावभर उपयोगी पडणारी ही सही आपल्या पोरीच्या लग्नाला कधी उपयोगी पडणार, असं ती विचारायची. जनीला दोन स्थळं बघून गेली होती, आणि गेली ती गेलीच.

चौऱ्याऐंशी साली कुंभिवलीचं तिसरं स्थळ आलं. मुलाचे वडील कोंडीरामशेट हायवेवर दोन टेंपोंचे मालक. मध्यस्थ विठूने श्रीपतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की शेटना मोठेपणाचं भारी वेड. बस्ता बांधायला बसल्यावर मुलीच्या बापाने खिशातून बँकेचं कार्ड काढलं, तर त्यांच्या डोळ्यांचं पारणं फिटेल. श्रीपतरावांनी असं कार्ड उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण पोरीचं लग्न अडायला नको, एवढं त्यांना कळत होतं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी पायथा बँकेने कशेळ्यात मांडव टाकला. 'ज्याला कोणी देत नाही, त्याला आम्ही देतो,' असं मांडवावर लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. ज्याला चहावाला उधारीचा चहा देत नसे, तो वाघ्या ऐटीत कार्डाचा अर्ज भरून बाहेर पडला. श्रीपतराव आत गेले, तर टाय लावून घामाने निथळणाऱ्या पोतनीस साहेबाने चौकशी करून त्यांचा अर्ज परत दिला.

"तुम्हाला नाही देता येणार काका. तुमची पत चांगली आहे."

"मग तर द्यायला पायजे ना, साहेब?"

"ते मोठ्या बँकांचं झालं. आमचा नियम वेगळा. कुणीतरी तुम्हाला नाकारलंय, असा दाखला आणा."

झालं. श्रीपतराव नकार मिळवायला बाहेर पडले. आधी कर्जतच्या मोठ्या बँकेत गेले आणि उगाचच पाच हजार मागितले. साहेबाने चहा मागवला आणि कागद भरायला घेतले. तिथून कसेबसे सटकले, तर सोसायटीच्या चेअरमनने पाचाचे सात करू का, म्हणून विचारलं. गावात एक माणूस त्यांना नाही म्हणायला तयार होईना. ज्या अब्रूसाठी आयुष्य घालवलं तीच आता आडवी आली, आणि श्रीपतरावांना रडू यायचंच बाकी राहिलं.

शेवटी ते किराणावाल्या हिरूशेटकडे गेले आणि 'श्रीपत ठोंबरे यांस आम्ही उधार देत नाही,' एवढं लिहून मागितलं. हिरूशेटचा चेहरा पडला. आपलं काय चुकलं, असं त्याने दोनदा विचारलं. हा माणूस गावात खोटं न बोलण्याबद्दल प्रसिद्ध होता. वजनात नाही आणि शब्दातही नाही. श्रीपतरावांनी जनीच्या लग्नाची शपथ घातली, तेव्हा कुठे त्याने जड हाताने सही केली.

कार्ड आलं. त्यावर नाव उठावाच्या अक्षरांत होतं. सोबतच्या कागदावरून कळलं, की प्रवेश फी, वार्षिक फी आणि कार्डाची फी वजा जाता बस्त्यासाठी एका धोतरापुरते पैसे उरतात. तरी श्रीपतरावांनी ते सदऱ्याच्या खिशात असं ठेवलं, की वरची कड दिसावी.

कोंडीरामशेट यायचे त्या सकाळी सुंदराने त्यांना साखर आणायला पिटाळलं. हिरूशेटने साखर बांधली नाही. नजर खाली घालून तो म्हणाला, "श्रीपतदादा, मी लिवून दिलंय. माझं लिवलेलं मीच खोटं पाडू का? रोख असंल तर देतो."

रोख नव्हतं. श्रीपतराव रिकाम्या हाताने घरी आले आणि पाहुण्यांना गुळाचा चहा करायचं ठरलं. पण पाहुणे आधी घरी आलेच नाहीत. मुलीच्या घरी जाण्याआधी गावच्या दुकानात बापाची चौकशी करायची, ही या भागातली रीत. कोंडीरामशेट यष्टीतून उतरून थेट हिरूशेटकडे गेले आणि हिरूशेटने, आपण त्यांना उधार देत नाही, बँकेच्या कार्डासाठी तसं लिहूनही दिलंय, असं खरं तेच सांगितलं.

शेट घरी आले ते तोंड आंबट करूनच. त्यांनी कार्डाकडे पाहिलंही नाही.

"श्रीपतराव, आमाला तुमचा हुंडा नको, मानपान नको. तिसऱ्या टेंपोला तुमची सही घेणार होतो. ती बँकेत चालती, असं आयकून एवढ्या लांब आलो. ते कार्ड परत करा, पत जाग्यावर आणा. पुढल्या बाजाराला मी परत येतो, मग बोलू."

श्रीपतराव दुसऱ्याच दिवशी पायथा बँकेत धावले. पोतनीस म्हणाला, कार्ड खुशाल परत करा, पण बाकी फी पुढे भराल याची हमी म्हणून एक जामीन आणा. हे ऐकून श्रीपतरावांना उलट हायसं वाटलं. उभ्या गावाला आपण जामीन राहिलो, आपल्याला एक मिळणार नाही?

ते घरोघर फिरले. लोकांनी पाणी दिलं, पाट दिला, डोळ्यांत पाणीही आणलं. ज्याच्या बैलांना ते जामीन होते, त्या कान्हाने त्यांच्या पायांना हात लावला.

"दादा, तुमच्यासाठी मी मान कापून देईन. पण बँक इचारंल, तुजा जामीन कोण? तर तुमीच. मग माजी सही चालायची कशी?"

सगळीकडे हेच. गावात धड सही एकच होती, आणि ती त्यांची स्वतःची होती. हिरूशेट तेवढा कुणाचा मिंधा नव्हता, पण त्याने तर लिहूनच दिलेलं. श्रीपतराव ओटीवर येऊन बसले ते जेवायलाही उठेनात. आपल्या हाताने आपण पोरीचं वाटोळं केलं, एवढंच ते सुंदराला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

पुढच्या बाजाराला कोंडीरामशेट आले. श्रीपतरावांनी त्यांना बसायला पाट दिला. जनी चहा घेऊन बाहेर आली, शेटच्या पुढ्यात कपबशी ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"मामा, बाबांची सही आता नाय. नुसती मी हाय. चालंल का?"

कोंडीरामशेटनी जनीकडे पाहिलं, श्रीपतरावांकडे पाहिलं, निम्मा चहा बशीत तसाच ठेवला आणि ते चपला शोधायला लागले.

श्रीपतरावांना वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण पत गेल्याचं नव्हे. ही माणसं आपल्या पोरीला बघायला कधी आलीच नव्हती, याचं वाटलं. दारात आलेल्या पाहुण्याला यष्टीपर्यंत पोचवायला ते कधी चुकले नव्हते. त्या दिवशी मात्र ते जागचे उठले नाहीत. त्यांनी शेटची बशी पुढे ओढली आणि उरलेला चहा स्वतःच पिऊन टाकला.