नानांचा खोकला

नाना टोकेकरांना खोकला होत नाही. पौषात गंगेवरचं धुकं ब्रह्माघाटाच्या पायऱ्या चढून थेट उशीपर्यंत येतं, सगळी गल्ली खोकत असते, तेव्हाही नाना ठणठणीत. त्यांना खोकला येतो तो फक्त एका जुन्या टेपवरच्या एका पदात, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी. ऐकायला कोणीही बसलेलं असो, तिथे नाना खोकतात, आणि असे खोकतात की खिडकीतलं माकड शेजारच्या गच्चीवर उडी मारतं. कडवं मार्गी लागलं की खोकला बरा.

बँकेने माझी बदली वाराणसीला केली आणि मी नानांच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो. नाना रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. पाच पिढ्या काशीत काढल्यामुळे त्यांच्या मराठीला थोडा बनारसी रंग चढला आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "गाणं ऐकता न?"

मी एका फार मोठ्या गायिकेचं नाव घेतलं. कुंदाताईंचं. त्यांना आता इतके पुरस्कार मिळाले आहेत की सूत्रसंचालकाला मध्ये पाणी प्यावं लागतं.

"कोण, बेबी?" नाना म्हणाले. "बेबी चांगली गायची. नंतर बिघडली. नंतरचं सगळं पॉलिश!"

पॉलिश हा नानांच्या कोशातला सर्वांत वाईट शब्द. नव्या घाटांवरचे दिवे पॉलिश, सुनेचा चहा पॉलिश, माझं मराठीही पॉलिश. कुंदाताई नऊ वर्षांच्या असताना 'बेबी कुंदा' म्हणून गावोगाव गात. तेव्हा वडिलांबरोबर काशीला आल्या, त्या टोकेकरांकडेच उतरल्या. नानांच्या वडिलांनी कोणाचा तरी स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि बाहेरच्या खोलीत बेबीचं गाणं भरून घेतलं. ती टेप नानांकडे आहे. बेबीने त्यानंतर जे काही गायलं, ते नानांच्या मते खामखा गायलं.

यंदा कुंदाताईंची पंचाहत्तरी. इथल्या मराठी मंडळींनी सत्कार ठरवला आणि त्यात बेबीची टेप वाजवायची असं नानांना न विचारताच जाहीर केलं. नाना आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. मग एका सकाळी टेप माझ्या हातात ठेवून म्हणाले, "कॉपी करवून आणा. पण आवाजाला हात लावायचा नाही. बिलकुल नाही."

गोदौलिया चौकाजवळ पप्पू नावाचा माणूस जुन्या टेपांची कामं करतो. मी त्याला हे सगळं नीट सांगितलं. त्याने पान खात नीट ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला पेनड्राइव्ह दिला आणि प्लास्टिकच्या पिशवीत टेपचे तुकडे दिले.

"आखरी बार चली, गुरु, फिर टूट गई। मगर आवाज एकदम चकाचक कर दिए हैं।"

मी घरी आलो. नानांनी तुकड्यांची पिशवी मांडीवर घेतली. फक्त म्हणाले, "लावा."

बेबीचा आवाज खरोखर चकाचक आला होता. पहिलं कडवं झालं. मी सवयीने खिडकीतल्या माकडाकडे पाहिलं. पण नाना खोकले नाहीत. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि टेप तुटल्यावर काय उरलं आहे, ते कान देऊन ऐकत होते. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बेबी थांबली. थोडा वेळ नुसती शांतता. मग गाणं पुढे सुरू झालं.

"आई कुठे गेली?" नाना म्हणाले.

मला वाटलं, माणूस भ्रमला.

"आई होती न तिथे! आतून सांगते न ती!" नाना उठून उभे राहिले होते. "बेबी विसरली होती हो. शब्दच आठवेना. आई आत सोवळ्यात होती, नैवेद्याचं पुरण शिजत होतं. बाहेर यायची सोय नाही, कोणी शिवलं म्हणजे परत अंघोळ. मग तिने आतूनच अर्धी ओळ गाऊन सांगितली. सुरात. बेबीने पुढे उचलली. तेवढाच आवाज आहे आईचा. दुसरा कुठेच नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही तिथे खोकता कशाला?"

"बेबीचा बाप मोठा कडक होता. विसरली म्हणून कळलं असतं तर सोलून काढली असती तिला. तो घाटावर गेला होता तेवढ्यात हे झालं. संध्याकाळी आला तर म्हणे, टेप ऐकवा. आई मला म्हणाली, भालू, कोणाला कळू द्यायचं नाही हं. मी काय करणार? खोकलो."

"अहो नाना, तो बाप जाऊन किती वर्षं झाली!"

"भई, आईला कबूल केलंय न."

आम्ही तसेच गोदौलियाला निघालो. वाटेत एक सांड गल्लीभर आडवा बसला होता. एरवी नाना सांडाला हात जोडून थांबतात, त्या दिवशी त्यांनी त्याला ढकललं. दुकानात पोचल्यावर मीच विचारलं, मधला आवाज कुठे गेला?

"पीछे से कोई माताजी घुस आई थीं," पप्पू म्हणाला, "निकाल दिए।"

नाना स्टुलावर बसले.

"अरे चाचा, निकाले हैं, फेंके थोड़े ही हैं! पहिले वाला पूरा रखा है।" त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. बेबी थांबली, आतून भांड्यावर पळी वाजली, आणि एका बाईने अर्धी ओळ गायली. घाईत, पण चोख. पप्पूने पान थुंकून घेतलं आणि ती ओळ पुन्हा लावली. नानांचा श्वास इतक्या जोरात सुटला की मला वाटलं, आता खोकतात.

समारंभासाठी मात्र नानांनी चकाचक कॉपीच दिली. आईच्या आवाजासकटची कॉपी पप्पूकडून दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली होती, ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "बेबीची अब्रू आहे," म्हणाले.

समारंभात पुण्याहून विमानाने आणलेले एक समीक्षक बोलले. त्यांनी ती कॉपी आदल्या दिवशी ऐकली होती. दुसऱ्या कडव्याआधीच्या शांततेवर ते बराच वेळ बोलले. नऊ वर्षांच्या बालिकेने मौनातून नादब्रह्माला घातलेली ती साद होती, असं कळलं. लोक माना डोलवत होते. मग टेप लागली. ती शांतता आली. शेवटच्या रांगेत नानांनी तोंडावर रुमाल धरला.

"इथे काकूंचा आवाज होता," व्यासपीठावरून कुंदाताई म्हणाल्या. समोर माईक होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मी साफ विसरले होते. काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं. कोणी काढला तो? आणि त्यांचा भालू कुठे आहे? खोकायचा तो?"

समीक्षक चष्मा पुसू लागले. नाना खिशातून पेनड्राइव्ह काढत पुढे गेले.

पुन्हा टेप लागली. बेबी थांबली, पळी वाजली, आणि त्या भल्यामोठ्या कर्ण्यांतून काकूंनी अर्धी ओळ सांगितली. पंचाहत्तरीच्या बेबीने ती पुढे उचलली. आवाज थरथरत होता. पॉलिश अजिबात नव्हतं.

घरी परतताना गल्लीत सांड तसाच बसला होता. नानांनी त्याला हात जोडले आणि थांबले.

"आई पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत आली," ते म्हणाले.