रझियाबींची तीन ऑर्किडे प्रेमलाबाईंनी राखली, ती हकीकत

हकीकत लिहावयास कारण ऐसे जे, थोर लढायांचे वृत्तांत बहुतांनी लिहिले, परंतु रत्नागिरी शहरी, नाचणे रस्त्यास, दुसऱ्या मजल्यावर राहणार प्रेमलाबाई सकपाळ, निवृत्त शिक्षिका, यांनी तीन परक्या झाडांकरिता जी मोहीम केली ती कोणी कागदी उतरविली नाही. हे बरे नव्हे. म्हणोन जैसे घडले तैसे लिहितो, पदरचे घालीत नाही.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, आश्विन मासी, शेजारच्या रझियाबी यांची स्वारी आखातात दोह्यास निघाली. चिरंजीव फैझान तेथे चाकरीस, सूनबाई आलिया गरोदर, सबब सहा महिने मुक्काम ठरला. रझियाबी आणि प्रेमलाबाई एकाच शाळेत एकतीस वर्षे नोकरीस होत्या आणि एका डब्यातले जेवल्या होत्या. निघते समयी रझियाबींनी तीन ऑर्किडे हवाली केली. ती त्यांचे यजमान मरहूम कमालभाई, जहाजावरील इंजिनियर, यांनी हौसेने जमविलेली. कुंड्यांस त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या, परंतु दोन पावसाळ्यांत शाई वाहून गेली होती, आणि रझियाबींस पाणी घालण्यापलीकडे काही ठावके नव्हते. जिन्यात त्यांनी इतकेच सांगितले, की ही तेवढी सांभाळ. प्रेमलाबाईंनी शब्द दिला.

मग बाईंनी तिन्ही सरदारांस पश्चिमेच्या गॅलरीत समान जागा, समान ऊन, समान पाणी नेमून दिले. कारण वर्गात कोणाचा लाड करावयाचा नाही, हा त्यांचा जन्माचा कायदा. परंतु आश्विनाचे ऊन ते कायदा काय जाणे! पंधरवड्यात रुंद पानांचे पहिले पिवळे पडले, आणि बारीक लांब पानांचे तिसरे मान टाकून बसले. ज्याची मुळे टोपलीतून हवेत लोंबत होती, ते दुसरे मात्र खुशाल. बाईंस अन्न गोड लागेना. यजमान सुहासराव यांनी जादा पाण्याची मसलत दिली, ती बाईंनी तात्काळ नामंजूर केली.

मग बाई रिक्षा करून पावस मुक्कामी गंगाराम माळी यांचे रोपवाटिकेत दाखल जाहल्या आणि मोबाईलवरील छबी पेश केल्या. गंगाराम कलमे बांधता बांधता पाहात राहिले. म्हणाले, "बाई, तुम्ही पाणी किती तेच विचारताय. आधी झाडाचा गाव विचारा. गाव कळला की त्याला रात्र कसली हवी ते कळेल. दिवसाचं काय, तो कसाही निभावतो."

बाईंनी तेच दिवशी दोह्यास व्हिडिओ फोन लाविला. कोणते रोप कोठले, ऐसे सहज विचारल्यासारखे केले. रझियाबी आठवून सांगत्या जाहल्या, की रुंद पानांचे मनिलाकडले वाण, कोची बंदरी घेतलेले. लोंबत्या मुळांचे आसामच्या सखल रानातले. आणि तिसरे सिक्कीमच्या डोंगरातले. ते कमालभाईंनी परतीचे सगळे रेल्वेप्रवासात मांडीवर धरून आणिले, खाली म्हणून ठेविले नाही. हे ऐकोन प्रेमलाबाईंनी फोनचे तोंड हळूच पहिल्या दोन कुंड्यांकडे फिरविले, आणि तिसरे दाखविलेच नाही.

मग घराची पाहणी आरंभिली. रात्रीचा नीच आणि दिवसाचा उंच आकडा जपून ठेवणारा तापमापक खरेदी केला, आणि चार दिवस चार ठिकाणी टांगोन रोज सकाळी चहाआधी वहीत नोंद केली. गॅलरी दिवसा पस्तीस, रात्री पंचवीस. उत्तरेची खिडकी दिवसा तीस, रात्री तेवीस, वरून मऊ उजेड. तेव्हां दुसऱ्यास गॅलरीच बहाल केली, पहिल्यास उत्तरेची खिडकी नामजाद केली, आणि दोघांची चाकरी मार्गी लागली.

तिसऱ्यास रात्री पंधराच्या आसपास गारवा पाहिजे. तो रत्नागिरीत कोठून आणावा? सबब सुहासरावांच्या एसीच्या खोलीवर मोर्चा नेला. आकडा अठरावर ठेविला, कुंडी पायथ्याशी बसविली, आणि सुहासराव दोन चादरी आणि एक कानटोपी यांनिशी शिंकत राहिले. आठ दिवस त्यांनी तक्रार केली नाही, नवव्या दिवशी हॉलमधील सोफ्यावर बिऱ्हाड हलविले. परंतु एसीची हवा कोरडी, तिने पानांच्या कडा करपल्या. शिकस्त जाहली. बाई कुंडीपुढे खुर्ची टाकून बराच वेळ बसल्या. सुहासराव सोफ्यावरून इतकेच बोलिले, की माझी सगुणाताई आंबा गावी असते, घाटमाथ्यावर, तिकडे या दिवसांत शाल लागते.

उपाय तोच होता. परंतु दुसऱ्याची ठेव परस्पर घाट चढवावी कैसी? आणि इतके दिवस लपविले, ते आता सांगावे कैसे? बाईंनी दोन दिवस फोन उचलला आणि ठेविला. तिसऱ्या दिवशी तिसरे झाड समोर धरून दोह्यास लाविला, आणि गॅलरी, एसी, करपल्या कडा, सर्व कबूल केले. म्हणाल्या, "रझिया, मी शब्द दिला होता. माझ्याच्यानं हे इथं जगत नाही."

पलीकडून रझियाबी म्हणाल्या, "कमाल होते तेव्हा पण ते कधी फुललं नाही गं. रोज सकाळी बघायचे, आणि मला म्हणायचे, पुढल्या वर्षी. जगू दे त्याला. माझ्याच दारात जगलं पाहिजे असं कुठं आहे? पाठव वर."

कार्तिक मासी प्रेमलाबाई खाशा कोल्हापूरच्या एसटीने निघाल्या. कुंडी मांडीवर घेतली, कंडक्टरने वर ठेवा म्हणोन दोनदा फर्माविले, ते मानिले नाही. आंब्यास सगुणाताईंनी पूर्वेच्या ओसरीत जागा दिली. बाई तापमापकही तेथेच ठेवून आल्या, आणि सकाळचा आकडा रोज कळवावा ऐसा करार केला. पहिला आकडा आला, चौदा.

मग थंडीत उत्तरेच्या खिडकीत पहिल्याने दांडा काढिला, आणि फाल्गुनात नऊ पांढरी फुले दिली. तिसऱ्याने फूल दिले नाही. परंतु आंब्याहून छबी आली, तीत करपल्या पानांच्या बुडाशी हिरवे कोंब दोन, बोटभर उंच, ताठ.

चैत्रात रझियाबी नातीचे तोंड पाहून परतल्या. त्यांनी खिडकीतल्या फुलांस एकवार हात लाविला, चहा घेतला, आणि आंब्याची गाडी किती वाजता, हेच प्रथम विचारिले. दुसरे दिवशी आठच्या एसटीत दोन जागा धरल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. गॅलरी, उत्तरेची खिडकी आणि आंबा ऐशी तीन ठाणी कायम, तिन्ही सरदार हयात, सुहासराव आपल्या पलंगावर पूर्ववत रुजू. आंब्याच्या ओसरीत दोघी मैत्रिणी कोंबांपुढे उकिडव्या बसल्या, आणि रझियाबी म्हणाल्या, पुढल्या वर्षी. हकीकत येथे पुरी, सही प्रमाण.