शंभर टन आणि एक पिस्टन

गाडीचे ब्रेक घरीच बसवायचे, हे त्याने सकाळी दात घासताना ठरवले. ठरवले ते रागात. (राग नसताना त्याने काही ठरवल्याचे बायकोला आठवत नाही. लग्नही बहुधा रागातच ठरवले असावे.)

रागाचे कारण मुलगा. आदल्या दिवशी त्याने मागची चाके करकरताना ऐकली आणि सरळ सांगून टाकले, की बाबा, आता पुरे. उद्या पाच वाजता येतो, ब्रेक नीट नसले तर किल्ली घेऊन जाणार. एकवीस वर्षे चालवलेली गाडी. आणि किल्ली मागणार कोण, तर ज्याला याच गाडीतून शाळेत सोडले, तो.

बत्तीस वर्षे या बापाने कारखान्यात पत्रा दाबायचा शंभर टनी प्रेस चालवला होता. गल्लीत त्याला शंभरटन म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होते आणि आतून आवडतही होते. आयुष्यात तो एकच गोष्ट शिकला होता: जे जात नाही ते दाबायचे. तरी गेले नाही तर आणखी दाबायचे.

स्पेअर पार्टच्या दुकानात त्याने मागच्या चाकांचे ब्रेक पॅड मागितले. दुकानदार म्हणाला, "काका, मागचा पिस्टन मात्र..."

"पॅड दे. पिस्टन मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय."

दुकानदाराने पॅड दिले आणि उरलेले वाक्य गिळले.

पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, गाडी जॅकवर चढवली. चाक निघाले. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट शिव्या खाऊन सुटले. जुने पॅड झिजून नखाएवढे उरले होते. नवे जाड होते. ते बसायचे तर त्यांना रेटणारा पिस्टन कॅलिपरच्या आत मागे सरकायला हवा. शंभरटनने तळहाताने दाबला. अंगठ्यांनी दाबला. मग टाच लावली. पिस्टन ढिम्म.

गंजलाय, असे त्याने जाहीर केले. बायको पायरीवर बसून उशीच्या अभ्र्याला बटणे लावत होती. तिने पुढचे बटण घेतले. (त्याचाही त्याला राग आला.)

मग शेजारच्या सुताराचा क्लॅम्प आणला. कशाला हवा, असे सुताराने विचारले. काम आहे, एवढेच त्याला उत्तर मिळाले. क्लॅम्प पिस्टनवर चढवून पिळला, दांडीला पाइप अडकवला आणि पाइपवर अंगातले सगळे वजन घातले. कट् असा आवाज आला. दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर समाधान दिसले. दुसऱ्या क्षणी तो जमिनीवर बसलेला होता, आणि क्लॅम्पचा एक तुकडा डावीकडे, एक उजवीकडे. पिस्टन होता तिथेच.

सुतार कुंपणाशी आला. दोन्ही तुकडे त्याने नीट पाहिले.

"लाकूड धरायचा होता तो, काका," एवढेच म्हणून तो आत गेला.

शंभरटनने गाडीला, गाडी बनवणाऱ्याला, मुलाला आणि मुलाच्या सासऱ्याला शिव्या घातल्या. सासऱ्याचा काही संबंध नव्हता, पण सुरू झालेला प्रेस मध्येच थांबत नाही.

चार वाजून गेले. बायको उठली, चष्मा सावरला आणि वाकून पिस्टन पाहू लागली.

"याच्या तोंडावर दोन खाचा आहेत."

"असू दे."

"कशाला असतील?"

"शोभेला."

"चाकाच्या आतली शोभा बघतं कोण?"

तू कारखान्यात किती वर्षे काढलीस, असे त्याने विचारले. एकही नाही, म्हणून तर विचारतेय, असे ती म्हणाली. आणि लांब तोंडाची पक्कड उचलून तिची दोन टोके तिने दोन खाचांत घातली, थोडी रेटली आणि उजवीकडे फिरवली.

पिस्टन हलला. स्क्रूसारखा फिरत, केसाकेसाने आत जाऊ लागला.

शंभरटनने ओरडून सांगितले, की जरा जोर लाव. जोर लावायचाच नाहीये, असे ती मान वर न करता म्हणाली.

दुसऱ्या चाकाचा पिस्टनही तिनेच फिरवला. बोल्ट मात्र त्याने आवळले, आणि असे आवळले, की पुन्हा सोडायला कारखानाच लागावा. शेवटी ब्रेकचे पेडल दहा वेळा दाबून घट्ट केले. अखेर काहीतरी दाबायला मिळाले होते.

पाचला मुलगा आला. गाडी घेऊन गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, दोनदा कचकन थांबवून पाहिली. उतरला तो खूश होऊन. असे ब्रेक गॅरेजमध्येही बसवत नाहीत, म्हणाला. कोणी बसवले?

शंभरटनने बायकोकडे पाहिले. ती दाताने दोरा तोडत होती.

"मी," तो म्हणाला.

मुलाने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. अट एकच, आई शेजारी बसली असेल तरच गाडी काढायची. शंभरटनची छाती वीतभर फुगली. त्याने दार उघडून धरले आणि हुकूम सोडला, "चल, बस. एक फेरी मारू."

"ब्रेकांची मला काळजी नाही," बायको जागची न हलता म्हणाली. "ते मी बसवलेत. पण चालवणार तुम्ही ना? मग मी नाही बसत."

मुलाने किल्ली परत घ्यायला हात पुढे केला.